एबेलच्या बापाचं नाव

रोडपाली,
९ ऑगस्ट २०१२

सौ. रंभाताईच्या पायांवर काशीरामचं डोकं. (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनानेच.)

भावोजींचा खोकला कसा आहे? जासईच्या रस्त्यावरचे कंटेनर काही कमी होत नाहीत, त्यामुळे तो गेला असेल असं वाटत नाही, पण विचारायचं म्हणून विचारतो. अर्ध्या तासावर राहणारा भाऊ पत्र का लिहितो असं तुला वाटेल. तुझी सून फोन स्पीकरवर टाकते, आणि इकडे मी फोन लावला की आमच्या हिला, नीताला, नेमकी माझ्या शेजारी बसून भाजी निवडायची असते. हे पत्र वाचून झालं की डब्यात ठेव. तांदळाच्या नको, तो सून उघडते.

आपली अंकिता तिकडे बोस्टनला नेथन नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते, हे तुला कळलं असेलच. (कोणी सांगितलं तेही मला माहीत आहे.) मुलगा चांगला आहे असं सगळेच सांगतात, आणि सगळे एका सुरात सांगायला लागले की मला संशय येतो. तेवीस वर्षं मी पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांच्या वंशावळींची प्रतिज्ञापत्रं टाईप केली आहेत. सरकारने जमिनी घेतल्या, बदल्यात त्यातल्या साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळायला लागले, आणि ज्या घरात दोन भाऊ होते तिथे सात वारस उगवले. मेलेले काका सही करून गेलेले मी पाहिलेत. म्हणून मी अंकिताला म्हटलं, प्रेम वगैरे ठीक आहे, आधी त्यांची वंशावळ मागव.

मला वाटलं होतं, गडबडतील. तर मुलाच्या आईने, मार्थाबाईंनी, ईमेलवर बारा पिढ्या पाठवल्या. चौदा कागद निघाले. डिंकाने जोडून पसरले तर हॉलमधून स्वयंपाकघरात गेले आणि टोकाचा माणूस गॅसच्या ओट्याखाली आला. हा टोकाचा, म्हणजे घराण्यातला पहिला, एबेल. १६३८ साली, विसाव्या वर्षी, विलायतेहून बोटीने अमेरिकेत उतरला, तेव्हा तिथे गोऱ्यांची मोजकी घरं होती. (बाकी जमीन ज्यांची होती त्यांना साडेबारा टक्के मिळाले का, असं मी विचारलं. अंकिता म्हणाली, बाबा, हे त्यांना विचारू नका. म्हणजे नसतीलच मिळाले.) आणि या एबेलच्या वरचा रकाना कोरा! खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: बापाचं नाव माहीत नाही.

ताई, मी बाकीच्या पिढ्यांकडे बघणंच सोडून दिलं. ज्याला बापाचं नाव सांगता येत नाही तो एक तर घरातून पळालेला, नाही तर कोणाला तरी बुडवून आलेला. वीस वर्षांचा मुलगा उगाच समुद्र ओलांडत नाही. मी मार्थाबाईंना सरळ लिहिलं की एबेलचं मूळ गाव, आईचं माहेर आणि शेजारच्या दोन पंचांचे जबाब आल्याशिवाय बोलणी पुढे जाणार नाहीत. (इंग्रजी मला येतं, पण कचेरीचं. ते पत्र नोटिशीसारखं झालं असं अंकिता म्हणते, आणि दोन दिवस तिने माझा फोन घेतला नाही.)

बाई रागावल्या नाहीत, इथेच मला जास्त संशय आला. त्या अठरा वर्षं एबेलच्या बापाला शोधतायत, आणि घरातलं कोणी त्यांचं ऐकून घेत नाही म्हणे. त्यांनी विलायतेतल्या एका चर्चच्या वहीची नक्कल पाठवली: एबेल, बाप रॉबर्ट, खोगीर शिवणारा. सहा वर्षं त्या या रॉबर्टला आपला धरून होत्या. मी पुढची पानं मागवली. चौथ्या पानावर हाच एबेल तीन वर्षांचा होऊन पुरलेला. तो वीस वर्षांचा होऊन बोटीत कसा चढेल? मी तसं कळवलं. बाईंनी आभार मानले आणि आपण थोडं रडलो असंही लिहिलं. मला वाईट वाटलं, पण खोटा बाप तो खोटा बाप.

मग मागच्या आठवड्यात त्यांनी शेवटचा कागद पाठवला. १६५१ साली कोणाच्या तरी डुकराने कुंपण मोडलं, त्या खटल्यात एबेल साक्षीला उभा होता. बापाचं नाव विचारल्यावर त्याने काय सांगितलं ते कारकुनाने लिहून ठेवलंय: ते समुद्रापलीकडे राहिलं.

हे मी दोनदा वाचलं. तुझ्याही लक्षात आलं असेल. आपला विठूआजा मीठ वाहणाऱ्या मचव्यातून मोऱ्याच्या धक्क्यावर उतरला, मिठागराच्या हजेरीत नुसता विठू म्हणून लागला, आणि त्याच्या बापाचं नाव विचारलं की पायाचं मीठ झाडत म्हणायचा, "ते तिकडंच रायलं." तिकडं म्हणजे कुठे, ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

तरी माझं मत आहे तेच आहे. ज्या घराचा पाया माहीत नाही तिथे मुलगी देताना विचार केला पाहिजे. भावोजींना हळद घालून दूध दे.

तुझा,
काशीराम

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. मार्थाबाईंनी आता आपली वंशावळ मागितली आहे. आपल्या प्लॉटच्या वेळच्या प्रतिज्ञापत्रात विठूच्या बापाचं नाव हिराजी आहे. ते तेव्हा मीच घातलं होतं. रकाना कोरा राहिला तर फाईल परत येईल म्हणून समोरच्या चहावाल्याच्या वडिलांचं नाव टाकलं. तू शेजारी बसून सही केलीस आणि त्याचाच चहा प्यायलीस. बाई डिसेंबरात येतायत आणि हिराजीचा माग काढायचा म्हणतायत. विचारलं तर घरात त्याचं नाव ऐकलंय असं सांग. मोठ्या मिशा होत्या म्हण.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडलं. वरचं हिराजीचं काही सांगू नकोस. जिचा रॉबर्ट मी काढून घेतला तिच्या हातात हिराजी देववत नाही. तक्ता भरून पाठवला. विठूच्या वरच्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही, बोटीतून उतरला. त्याच ईमेलमध्ये लग्नाला हो म्हटलं. नीताला अजून सांगितलेलं नाही.

तू एवढंच कर, डिसेंबरात आमच्याबरोबर मोऱ्याला चल. धक्क्याच्या कोणत्या पायरीवर आजा उतरला ते बाईंना बघायचंय. तुला त्याने हात धरून दाखवली होती. मला कधी नेलं नाही, मी फार प्रश्न विचारायचो.