खाडीतल्या शिंपल्या

आईला धनाजीचा कोकणातनं नमस्कार.

मी बरा हाय. मंगळवेढ्याला ज्वारी काढून झाली का? शेळ्या बऱ्या हायत न्हवं?

मी कामाला हाय त्या सहलीच्या बोटीतल्या संडासाची घाण थेट खाडीत सोडत्यात. मी बोललो, तर गिऱ्हाईकं हसली. "एवढ्या पाण्यात काय कळतंय?" मालकबी हसला.

माझी घरमालकीण सुलभामावशी त्याच खाडीतल्या शिंपल्या काढून इकती. आता बोटीवरनं उतरलेली तीच माणसं म्हणत्यात, "नको, घाणीतल्या हायत."

काल मावशीनं भरली पाटी पाण्यात ओतली. मला पोरागत जेवू घालायची ती. रडत म्हणाली, "तुमच्या बोटीनं माझी खाडी नासवली रे. तू दुसरी खोली बघ."

आई, मी काम सोडलंय. घरी येऊ का?

तुझा,
धनाजी