फळीवरचा गोळ्यांचा डबा

माय, उद्या दादाचा पाय कापणार आहेत. गुडघ्याखालून. तू असतीस तर मी हे तुझ्यापासून लपवलं असतं. पण तुला जाऊन वर्षं लोटली आणि माझ्याने दुसऱ्या कुणाशी हे बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट चप्पल फोडून त्याच्या तळपायात घुसला. शुगर आहे, त्यामुळे त्याला फारसं दुखलंही नाही. वहिनीने काय केलं असेल? फळीवरचा तुझा डबा काढला, कॅप्सूल फोडली आणि पावडर जखमेत भरली. दादा डब्यातल्या हाताला लागतील त्या गोळ्या खात राहिला. ताप उतरला की बंद, चढला की पुन्हा सुरू. यवतमाळला माझ्या वॉर्डात आणला तेव्हा पाय काळा पडत चालला होता. मी चिडून विचारलं तर वहिनी म्हणाली, "मायनंच शिकोलं ना मले. तुमच्या हाताले नाई का लावत होत्या, बाई?"

लावत होतीस. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी माझी बोटं सोलून निघायची. चुलीपुढे तू मला जवळ ओढतेस, कॅप्सूल उघडतेस, चिमूटभर पिवळी पूड बोटांवर टाकून फुंकर घालतेस. उरलेली तशीच बंद करून परत डब्यात. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा म्हणजे आख्ख्या गल्लीचा दवाखाना. कुणाचं पोर तापलं, कुणाचा कान वाहू लागला, की विरजण मागावं तशा बाया दारात यायच्या. "बरं वाटलं का बंद कर वं," तू सांगायचीस, "उरलेल्या आणून दे. दुसऱ्याच्या कामी येतीन." मला तुझा केवढा अभिमान होता. आता त्याचं काय करू, तूच सांग.

नर्स झाल्यापासून मी गावोगाव हेच सांगत फिरते. साध्या सर्दीला ही अँटिबायोटिक औषधं लागत नाहीत. डॉक्टरांनी दिली तर सांगतील तोवर घ्या, मध्येच सोडू नका, उरली तर कुणाला देऊ नका, नाहीतर जंतू त्यांना सरावतात आणि मग मरत नाहीत. बाया माना डोलावतात आणि निघताना विचारतात, "सिस्टर, एखांदी पावरवाली गोळी हाय का?" वॉर्डात भांडून मी सगळ्यात भारी इंजेक्शनं कुलपात ठेवायला लावली, म्हणजे उठसूट कुणी देणार नाही, खरी गरज पडेल तेव्हा ती चालतील. नातेवाईकांच्या शिव्या खाल्ल्या. दादासाठी ते कुलूप मीच उघडलं. काही उपयोग झाला नाही.

जखमेतले जंतू लॅबमध्ये थाळीवर वाढवतात आणि वर औषधांच्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू मरून मोकळा गोल पडतो. दादाची थाळी मी स्वतः जाऊन पाहिली. एकाही चकतीभोवती गोल नव्हता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एका डब्याने एवढं होत नाही. असा डबा घरोघरी आहे. दुकानात मागाल तेवढ्या गोळ्या कापून मिळतात. आपणही दवाखान्यात कमी चुका करत नाही." खरंच असेल. पण मला दुसऱ्यांचे डबे दिसत नाहीत गं, तुझाच दिसतो. पाय काढूनही विष अंगात पसरलं तर? कपाट औषधांनी भरलंय आणि माझ्या भावाला द्यायला त्यात काही नाही. मी फार भ्यालेय, माय.

आज दुपारी त्याचे कपडे आणायला गावी आले. हा डबा दवाखान्यात नेऊन सगळ्या गोळ्या नष्ट करायच्या, असं येतानाच ठरवलं होतं. तुझ्या वेळच्या गोळ्या आता कुठल्या असायला, पण कापलेल्या पट्ट्यांना रबर लावून ठेवायची तुझी रीत वहिनीने तशीच ठेवली आहे.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून सांगते. फेकायला म्हणून डबा उघडला आणि साऱ्या गावाला शिकवणारी मी, चुलीपुढे बसून एकेक पट्टी उजेडात धरून तिच्यावरचं नाव वाचत राहिले. वाटलं, दादाला चालेल अशी एखादी तू ठेवली असशील.