पावडरीचा डबा परत करा

अहो,
नमस्कार नंतर. चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगाला मांस लागावं म्हणून पावडरीचा डबा आणलात म्हणे! आधी तो परत करा. दूध, अंडी, केळी, मूठभर शेंगदाणे द्या, थोडं थोडं, चार-पाच वेळा. डॉक्टरांनाही दाखवा. आणि तिला काडी म्हणू नका.

मी बरी आहे. इथं कामाच्या घरी म्हातारीला भरवते, मग ओट्यापाशी उभ्यानं जेवते. एकटीला घास उतरत नाही हो. लेकीचंही तेच होत असणार. तुम्ही ताट घेऊन टीव्हीपुढं, ती स्वयंपाकघरात. तिच्यासमोर बसून जेवा.

बसलात का, ते रविवारच्या आत कळवा. लिहायला तिला सांगा, तुम्ही थापा माराल.

तुमचीच,
पोरीची आई