पेटीवरचा शब्द

९ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा
मुलगी पसंत! म्हणजे मला. तिचं काय ते देव जाणे. सौंसरची नलिनी, तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवते. मी नेलेलं संत्रं हातात घेऊन म्हणाली, "अंबिया बहार ना?" फळ बघून हंगाम ओळखला! मी नुसती मान डोलावली. संत्र्याचा धंदा करतो आणि संत्र्यावरही बोलता येईना. धन्य आहे!
तिचे वडील विनायकराव, कापड-दुकानवाले. निघताना म्हणाले, "पोरगी इंग्रजी शिकवते, तं तिच्याबद्दल इंग्रजीतच चार ओळी लिहून धाडा. मंग पुढचं पाहू." याआधी दोन ठिकाणांहून नकार आलाय. तिसरा पचायचा नाही. हिचा तर नाहीच.

११ नोव्हेंबर
तीन ओळी झाल्या. चौथीला एक दणदणीत विशेषण हवं.

१२ नोव्हेंबर
सापडलं! रोज डोळ्यांसमोर होतं. स्टेशनवर संत्र्याच्या पेट्यांवर मीच ब्रशने रंगवतो — पेरिशेबल. हा शब्द दिसला की पेटी सगळ्यात आधी गाडीत चढते, हमालही अलगद उचलतात. बाकीचा माल पडून राहतो. म्हणजे अर्थ उघड आहे — मौल्यवान, जपण्यासारखं! डिक्शनरी कशाला? बी.कॉम. आहे मी. लिहिलं, 'युवर डॉटर इज मोस्ट पेरिशेबल.' पुष्पावहिनींना वाचून दाखवलं. "लई वजनदार वाटते, भाऊजी!" पत्र टपालात टाकलं.

१५ नोव्हेंबर
मेलो!
पेट्या चढवताना गुणवंतासमोर शेखी मिरवली. हमाल तो, तिसरी नापास. पोट धरून हसत सुटला. "भाऊ, पेरिशेबल म्हणजे लवकर सडणारा माल! म्हणून तं पहिले चढवतो. मांगच्या साली पेट्या सडल्या, तवा पार्सलबाबूनं सांगतलं मले."
घरी येऊन डिक्शनरी उघडली. गुणवंताचंच खरं. फळं, दूध, मासळी यांच्यासाठी वापरावा, असंही दिलंय. आणि मी इंग्रजीच्या मास्तरणीला कळवलं की बाई, तुम्ही लवकर सडणार! वर 'मोस्ट'! तेही कमी पडलं म्हणून खाली रेघ मारली.

१८ नोव्हेंबर
उत्तर नाही. सौंसरची बस दिसली की पेट्यांच्या आड होतो.

२२ नोव्हेंबर
वहिनी म्हणाल्या, जाऊन माफी मागा. कोणत्या तोंडाने? साऱ्या गावाने हसावं, माझी हरकत नाही. तिने हसू नये, एवढंच वाटतं.

२६ नोव्हेंबर
होकार! ३ डिसेंबरला साक्षगंध, अंगठ्या घालायच्या! आई पेढे वाटत सुटलीय. माझं पत्र हरवलं असणार. टपालखात्याचा विजय असो!

३ डिसेंबर
पत्र पोचलं होतं. विनायकरावांनी भर बैठकीत ते काढून दाखवलं! "मले कुठं इंग्रजी येते, जावईबापू? पोरीलेच पुसलं, ह्या शब्दाचा अर्थ का? थे म्हणे, बाबा, अनमोल."
मी नलिनीकडे पाहिलं. मान खाली घालून बसली होती, पण हसू काही आवरत नव्हतं. माझ्यासाठी ती बापाशी चक्क खोटं बोलली.