चौऱ्याऐंशीवं मिनिट

१२ मार्च
दुपारी लीग कमिटीचा फोन. प्लेऑफच्या दुसऱ्या सामन्याला रेफ्री मी! ठरलेला माणूस काविळीने पडलाय. रविवारी जळगावला, तापी क्लब विरुद्ध कोल्हापूर. कोल्हापुरातला पहिला सामना १-१ झाला. आता जिंकेल तो वरच्या लीगमध्ये.
म्हटलं, मी धुळ्याचा, शेजारचा जिल्हा — चालेल का? "लोटनराव, उरलंय कोण?"
जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतील. मग शिट्टी बंद, फक्त शाळेतली पी.टी. वीस वर्षांत एवढा सामना मिळाला नव्हता. बायकोला, कुंदाला सांगितलं. म्हणाली, "मंग आधी ते बूट शिवी ल्या."

१५ मार्च
जळगाव. चौकाचौकात तापी क्लबचे निळे झेंडे. चहावाल्याने विचारलं, मॅच पाहायला आलात का. हो म्हटलं.

१७ मार्च
घरी आलो. काल काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.
चौऱ्याऐंशीवं मिनिट. स्कोअर १-१. कोल्हापूरचा क्रॉस आला. तापीचा कप्तान नवल बॉक्समध्ये उडाला. मी पंधरा पावलांवर. त्याचा डावा हात अंगापासून सुटलेला दिसला, चेंडू त्याला लागून वळला. शिट्टी वाजली. वाजवली असं म्हणायला हवं, पण वाजली असंच वाटलं.
नवल छातीवर हात ठेवून समोर उभा. "छातीवर लागला सर. छातीवर." आरडाओरड नाही, शांतपणे. लाइन्समनकडे पाहिलं. "मला नाही दिसलं, सर." तो मध्ये पडलाच नाही.
पेनल्टी. गोल. १-२. संपलं.
चौतीस वर्षांचा नवल गवतावर मांडी घालून बसून राहिला. बाकीचे त्याच्याभोवती रडत होते. क्लबचे मालक माणकचंदशेठ यांनी आधीच सांगितलं होतं — वर गेलो तर क्लब चालेल, नाहीतर थांबेल. मला पोलिसांनी मागच्या दाराने काढलं. कुणीतरी ओरडलं, "धुळ्याचा आहे तो!"

१९ मार्च
गोलच्या मागून कुणीतरी फोनवर घेतलेली क्लिप फिरतेय. स्टाफरूममध्ये मी आत गेलो तेव्हा चार जणांनी फोन उलटे ठेवले.
मीही पाहिली. चाळीस वेळा तरी. त्यात छातीवरच लागतोय.

२० मार्च
मैदानावर मुलं शिट्टीबरोबर थांबतात. कुणी काही विचारत नाही.

२२ मार्च
क्लब बंद. पेपरात माणकचंदशेठ यांचं बोलणं आलंय. "रेफ्रीबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं वय झालं, आता ताकद नाही." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंचवीस-सव्वीस खेळाडू घरी गेले. त्यातले निम्मे आता कुठेच खेळणार नाहीत.

२५ मार्च
कमिटीचे साहेब फोनवर बोलले. गोड आवाज. "लिहून द्या ना, नजरचूक झाली. विषय मिटतो. नाहीतर चौकशी लागेल, पेपरवाले लागतील, शाळेपर्यंत जाईल."
कुंदा भांडी लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही दखं ना? मंग दखं."
पाहिलं खरं, पण क्लिपमध्ये दिसत नाही, मी म्हटलं.
"ते फोननं दखं. तुम्ही तं तठे व्हतात."
चिडलो मी. तुला फुटबॉलमधलं काय कळतं, असं बोललो. ती भांडी तशीच लावत राहिली.

२८ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. "अगदी सुरुवात आहे," ते म्हणाले, "याने पंधरा पावलांवरचं दिसायला काही अडचण नाही." पण मोतीबिंदू म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही. घरी येईपर्यंत मनाशी ठरलं होतं — दिसलंच नसणार.

२९ मार्च
पत्र दिलं. चार ओळी. माझ्या निरीक्षणात चूक झाली, चेंडू हाताला लागलेला नव्हता, रेफ्री म्हणून मी स्वेच्छेने थांबतो आहे.
वाटलं होतं हलकं वाटेल.

६ एप्रिल
रविवार. सावद्याला गेलो, नवलकडे. माफी मागायची होती, तीही समोरासमोर.
घराच्या ओट्यावर त्याची आई, सुंदरबाई. "तुमीच का ते?" हो म्हटलं. त्या उठून आत गेल्या. वाटलं, दार लावतील. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.
नवल केळीची गाडी भरायला गेला होता, तासाभराने आला. शर्टावर चिकाचे काळे डाग. खांदे खेळाडूचे, पण चाल दमलेली. मी उभा राहिलो. म्हटलं, "नवल, माझ्यामुळे तुझा खेळ गेला, क्लब गेला. कमिटीला लिहून दिलंय मी, चूक माझी होती. तुला तोंडाने सांगायला आलो."
तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.
"लिहून दिलं?"
"हो."
"कायले दिलं सर..." एवढंच. मग, "जाऊ द्या."
चहा झाला. तो स्टँडपर्यंत सोबत आला. गर्दी होती, त्याने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली माझ्यासाठी. शरमेने मान वर होईना.

७ एप्रिल
कुंदाला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, "जेवाले वाढू का?"

९ एप्रिल
सकाळी नवल शाळेच्या फाटकाशी उभा. सावद्याहून पहिल्या गाडीने आलेला. आत यायला तयार नाही. तिथेच म्हणाला, "सर, हाताले लागला व्हता. मले तवाच समजलं व्हतं. पोरं रडत व्हती, मंग सांगनं झालं नही."
मला दिसलं होतं. दिसलं नाही असं मीच लिहून दिलं.