हॉलमधल्या समुद्रातली कीड

७ सप्टेंबर, रविवार
दिपूचा फोन. दिवाळीला येणार नाही म्हणे. रत्नागिरीच्या फिशरीज कॉलेजात ओहोटीच्या वेळी नमुने गोळा करायचे असतात आणि ओहोटीला दिवाळी कळत नाही. मी म्हटलं, काही हरकत नाही, शिक्षण महत्त्वाचं. माझा आवाजसुद्धा बदलला नाही. ज्योतीचं म्हणणं, फोन ठेवल्यावर मी रिकाम्या कपातून चहा पीत होतो. बायकोला काहीही दिसतं.
शांतपणे विचार केला. पोरीला समुद्र पाहिजे. जळगावात समुद्र नाही, एवढीच काय ती अडचण. मी कृषी केंद्र चालवतो. अडचण घेऊनच माणूस माझ्या दुकानात येतो आणि तोडगा घेऊन जातो.
तोडगा : हॉलमध्ये समुद्र. शोकेसच्या जागी. दिवाळीच्या आत.

११ सप्टेंबर
धुळ्याला जाऊन आलो. तिथे शेहजादचं मत्स्यालयाचं दुकान आहे. माणूस भला, पण सल्ले फार देतो. म्हणे, प्रेमराजभाऊ, आधी गोड्या पाण्याचे मासे पाळून बघा, खाऱ्या पाण्याचं काम नाजूक है. मी त्याला सांगितलं की मी केळीची बाग सांभाळलेला माणूस आहे. त्याने बिल करायला घेतलं.
मासे नंतर, आधी ‘जिवंत खडक’ टाकायचा. सिमेंटचे ठोकळे समुद्रात वर्षभर मुरवतात, भोकाभोकांत बारीक जीव बसतात आणि ते पाणी साफ ठेवतात. खडक आधी वेगळ्या बादलीत ठेवा म्हणाला, आत बिनतिकिटाचे पाहुणे असतात, काय काय निघतं ते बघा आणि मग टाका.
मला हसू आलं. कीड ओळखायला हा मला शिकवणार! मी फोनवर शेतकऱ्याचा नुसता आवाज ऐकून रोग सांगतो.
बादली वगैरे काही नाही. थेट टँक.

१४ सप्टेंबर, रविवार
शोकेस हलवली, टँक बसला, खडक आला. पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणू नका, असं ज्योतीचं मत. मी म्हटलं, दगड ही वस्तू नाही. आईने चष्मा लावून बघितलं. हाई काय शे, म्हणाली. मी म्हटलं, जिवंत खडक. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, दगडले खावाले काय देस रे भाऊ?
विज्ञान समजायला वेळ लागतो.
समुद्री मीठ कालवायला बोअरचं पाणी चालत नाही, फिल्टरचं लागतं. तेव्हा फिल्टर टँकला आणि बोअर घरच्यांना. कूलरही टँककडे वळवला. आई पदराने वारा घेत बसली होती. व्यायाम आहे तो.

१८ सप्टेंबर, सकाळी
खडकातून पहिला जीव निघाला. लांब, गुलाबी, दोन्ही बाजूंनी केसाळ. ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. लष्करी अळी, समुद्री जात. हाताने उचलून बाहेर काढली. कीड नियंत्रण पूर्ण.

संध्याकाळी
बोटं सुजली. आत बारीक काचा गेल्यासारखं होतंय. साबण बदलायला हवा.
दिपूला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. ती अळी नाही, ब्रिसल वर्म आहे, केस टोचतात, हात घालू नका बाबा, आणि तो घाण खातो म्हणून चांगला असतो. चांगला! बोंडअळीच्या आईलासुद्धा बोंडअळी चांगलीच वाटत असेल.
दिपू आज नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली. योगायोग.

२४ सप्टेंबर
खडकावर फूल उमललं! तपकिरी, काचेसारखं, पाकळ्या पाण्यात डुलतात. फॅमिली ग्रुपवर टाकलं : ‘जळगावच्या समुद्रातलं पहिलं फूल’. चोपड्याच्या मेहुण्याने हात जोडले.
दिपूने फोन करून आनंदावर पाणी ओतलं. ते फूल नाही, प्राणी आहे. तणासारखा पसरतो. आणि काहीही झालं तरी कापू नका, तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो.
तण म्हणाली ना? मग संपलं. तणात माझी हयात गेली आहे.

२५ सप्टेंबर
आमच्याकडे केळीच्या बुडाशी नव्या कोंबाची पील फुटते. ती वेळच्या वेळी कापली नाही तर मोठ्या झाडाचं अन्न खाते. हे जळगाव जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, रत्नागिरीच्या प्रोफेसरांना नसेल. विळा टँकमध्ये मावेना, म्हणून ज्योतीची कोथिंबिरीची कात्री घेतली. बुडापासून सफाईने छाटलं. तुकडे पाण्यात गेले. खत होईल.
ज्योती कात्री शोधत होती. मीही शोधू लागलो.

२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्तावर क्लाउनफिशची जोडी सोडली. केशरी, पांढरे पट्टे, रुबाबदार. सोबत शंखाच्या गोगलगायी.
फुलं आता खडकावर, काचेवर, पाईपवर, सगळीकडे आहेत. ज्योती मोजू लागली, मी थांबवलं. सणासुदीला मोजू नये. याला शेतीच्या भाषेत जोमदार फुटवा म्हणतात. आईला मात्र पसंत पडलं. बठ्ठी बाग लागी गई, म्हणाली. सगळी बागच. घरात एकट्या तिलाच दृष्टी आहे.
दिपूला हा फोटो पाठवला नाही. तिचा अभ्यास असतो.

६ ऑक्टोबर
दुपारी जेवून आडवा झालो की हॉलमध्ये टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. इन्व्हर्टरचा फॉल्ट. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. पंख्याचा रेग्युलेटर बदलून घेतला. टक् चालूच.
गोगलगायींचे शंख फुटलेले आहेत. धुळ्याचा माल असाच. शेहजादला झापायला फोन केला. तो थंडपणे विचारतो, भाऊ, खडक पहले बादलीत ठेवला होता ना? तेवढ्यात फोन कट झाला. मीच केला.

१० ऑक्टोबर
एक मासा गायब. उडी मारून बाहेर पडला असणार. सोफ्याखाली हात घालून शोधलं. दिपूची शाळेची कंपासपेटी मिळाली. आत खोडरबराचा तुकडा आणि एक शिंपला. हिला ही खोड तेव्हापासूनच होती तर. पेटी पुसून माझ्या कपाटात ठेवली.
मासा मिळाला नाही. दुसरा कोपऱ्यात उभा आहे. दुःखात असेल.

१३ ऑक्टोबर
दुसराही गेला. दुःखाने नाही. आज चोर बघितला.
खडकाच्या भोकातून दोन डोळे बाहेर आले. दांडीवर बसवलेले, एक इकडे बघतो, दुसरा तिकडे. खतं-औषधं तपासणारे गुणनियंत्रणवाले दुकानात आले की असेच बघतात. मग हिरवं-लाल अंग थोडं बाहेर आलं, शेवटच्या गोगलगायीवर टक् झालं आणि शंखाचे दोन तुकडे. इन्व्हर्टर निर्दोष आहे.
आता शास्त्र पुरे. माझ्या दुकानात याच्यावर औषध आहे. एक थेंब. गाडी काढून बाटली आणली. कीड मारण्याआधी तिचा व्हिडिओ काढण्याची माझी पद्धत आहे, तो दिपूला पाठवला आणि खाली लिहिलं : आज याचा निकाल.
बूच उघडतोय तोच फोन. दिपू ओरडत होती. बाबा, बाटली खाली ठेवा. आधी खाली ठेवा. मँटिस श्रिंप आहे तो, कोळंबीचा लांबचा भाऊबंद, ठोसा मारून शिंपले फोडतो, आमच्या सरांनासुद्धा धड जिवंत मिळाला नाही. ज्योतीने मागून येऊन बाटली काढून घेतली. मग दिपू म्हणाली, त्याला काही करू नका. मी येते. शनिवारी.
पोरगी दिवाळीला येतेय.
नोंद : पहिल्या दिवसापासून हाच प्लॅन होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार
दिपू आली. वाळली आहे. ज्योतीने भरीत केलं, कळण्याची भाकरी केली. दिपूने बॅग दारात टाकली आणि पायात सँडल तशीच ठेवून टँकसमोर गुडघे टेकले. भरीत गार झालं. ज्योती रागावणार होती, आई म्हणाली, राहू दे, पोर घर उनी, बास.
मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. ती टॉर्च मारून एकेक दाखवत होती : हा बघा बाबा, ही बघा. तांदळाएवढ्या चांदण्या होत्या. दोऱ्यासारखे हात हलवणारं काहीतरी होतं. एवढं सगळं माझ्या हॉलमध्ये राहत होतं आणि मला एकही ओळखता आलं नाही. मी प्रत्येक वेळी, हो, माहीत आहे, म्हणालो. तिने माझ्या खांद्याला टेकून बघितलं. फार बरं वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.
प्लॅन : लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, मग तुळशीच्या लग्नापर्यंत सहज थांबेल.

१९ ऑक्टोबर
बाटलीत कोळंबीचा तुकडा ठेवून तिने त्या बदमाशाला पकडलं. मी दुकानातली कोरी बादली आणून दिली. तिने बादलीचा वास घेतला, वरचं कीटकनाशकाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. जे बोलली ते लिहीत नाही. शेवटी ज्योतीने चिवड्याचा मोठा डबा रिकामा करून दिला. त्या डब्याला ती मला हात लावू देत नाही.
सहज विचारलं, भाऊबीजेपर्यंत आहेस ना? म्हणाली, बाबा, हा डब्यात तेवढा टिकणार नाही. उद्या सकाळची गाडी आहे.
मी म्हटलं, काही हरकत नाही, शिक्षण महत्त्वाचं.

२० ऑक्टोबर
स्टेशनवर सोडून आलो. डबा मांडीवर, बॅटरीचा पंप चालू. टाटा करायला तिचा हात मोकळा नव्हता.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
दिपूचा फोन. तो सुखरूप पोचला. येताच त्याने एक शिंपला फोडला. व्यवस्थित जेवला. आम्ही जेवलो का, हे विचारायच्या आत रेंज गेली असावी.
टँकमध्ये फुलं तेवढी उरलीत. दुपारी आडवा झालो. टक् नाही, काही नाही. झोप लागली नाही. ज्योती म्हणते, टँक विकून टाका, शोकेस परत आणू. आई म्हणाली, आते दगडले कोन देखी?
संध्याकाळी पूजा झाल्यावर शेहजादला दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. आणखी एक खडक पाठवायला सांगितला. तो म्हणाला, भाऊ, ह्या वेळी मीच बादलीत ठेवून, साफ करून देतो. मी म्हटलं, बिलकूल नको. जास्तीत जास्त भोकांचा बघ आणि आत जे बसलं असेल ते तसंच येऊ दे.
होळीला तिला चार दिवस सुट्टी असते.