पंपावरचा लाल ठिपका

मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय बबडे,

खूप खूप आशीर्वाद. तुम्ही तिघं खुशाल असाल असं धरून चालतो, कारण फोनवर तू ‘बरे आहोत’च्या पुढे जात नाहीस. मी मजेत. परवा गंमतच झाली. दूध घेऊन घरी आलो, बघतो तर उजव्या पायात चप्पलच नाही! कुठे निसटली पत्ता नाही. शेजारीण पोट धरून हसली.

ठमीच्या कपाळावरचा व्रण पुसट होतोय ना? ती हल्ली गाडीत अगदी गप्प बसते, एवढं मात्र एकदा म्हणालीस. मोठी होतेय, दुसरं काय.

आता मुद्द्यावर येतो. गाडी शोरूममधून आली. तिथला टायवाला म्हणाला, “काका, ब्रेकचा मुख्य पंप बदललाय. वॉरंटीत बसवलं. निर्धास्त चालवा.” मी म्हटलं, जुना दाखवा. तर म्हणे, “वॉरंटीतला जुना पार्ट कंपनीकडे परत जातो.” वा रे वा! बदलला म्हणणारे हेच आणि पुरावा यांच्याच कपाटात.

हा माणूस मला पहिल्यापासून पटला नाही. मी घसा कोरडा करून सांगतोय, ब्रेक दाबला तरी गाडी थांबली नाही, भिंतीवर गेली, मागे माझी नात होती. आणि हा विचारतो काय, “काका, नक्की ब्रेकच दाबला होतात ना?” तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत मी. दुकानात आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक खूण करायचो, आठवतंय ना? ‘मशीन बदललंत’ म्हणून कुणी भांडायला आलं की झाकण उघडून दाखवायचो. इथेही तेच केलं. गाडी देण्याआधी बॉनेट उघडून पंपाला तुझ्या आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला. आज पाहिलं, तर ठिपका गायब.

तू म्हणशील, मग बदलला की! अगं, इतकं सोपं असतं का? पुसला असेल. थिनरचा बोळा फिरवला की नेलपॉलिशही जातं आणि पंपही चकाचक. कारण गाडी अजून तश्शीच आहे. आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर सरकत सरकत जाऊन कचऱ्याच्या डब्याला टेकली. पंप खरंच नवा असता तर असं झालं असतं का, तूच सांग.

उद्या जातो आणि त्या टायवाल्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतो. मग तुलाही पटेल की त्या दिवशी चूक माझी नव्हती. पटलं की ठमीला शनिवारी पाठव. आठ शनिवार गेले गं. तिची रंगपेटी इथेच पडून आहे.

गुरुवार

वरचं पत्र पाकिटात घातलं नव्हतं. फाडणार होतो, पण राहू देतो. तूही वाच, तुझा बाप कसा बोलत होता ते.

काल गेलो. एवढा आरडाओरडा केला की बसलेली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. टायवाला सरळ उठला. मला मागे घेऊन गेला. तिथल्या मिस्त्रीने फळीवरून एक खोकं काढलं. आत जुना पंप. त्याच्यावर लाल ठिपका. कंपनीकडे पाठवायचा राहिला होता.

मिस्त्री म्हणाला, “काका, खरं सांगू? हाही चांगलाच होता. तुम्ही ऐकेनात म्हणून साहेबांनी कंपनीशी हुज्जत घालून नवा मिळवला.” मी तरी हटलो नाही. मग तो म्हणाला, चला, आवारातच एक चक्कर मारू. शेजारी बसला, पण समोर बघेना. माझ्या पायाकडे बघत राहिला. दुसऱ्या वळणावर त्याने खाडकन हँडब्रेक ओढला.

“काका, तुमचा पाय ब्रेकवर नाहीये.”

मी म्हटलं, आहेच. खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी, चटईवर होता. जीव खाऊन मी चटई दाबत होतो.

बबडे, उजवा तळवा वर्षभर बधिर आहे. साखरेमुळे. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडी चालवू नका. भिंतीवर जायच्या कितीतरी आधी बजावलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू ठमीला माझ्याबरोबर गाडीत बसू दिलं नसतंस, म्हणून लपवलं. लाज वाटते लिहायला. गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो, घड्याळ ठीक आहे, तुम्ही ते कसं वापरता ते बघा. स्वतःवर आलं तेव्हा बॉनेट उघडून बसलो.

आणखी एक. गाडी आदळली तेव्हा मी ठमीवर ओरडलो, “गात होतीस ना मागे, त्याने झालं!” तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि मी हे बोललो. तुला तिने सांगितलं नसेल. ती गाडीत गप्प का बसते, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

दोन्ही चाव्या पाकिटात घातल्या आहेत. शनिवारी मी बसने तुझ्याकडे येतो. तिला माझ्या तोंडाने सांगायचंय, तुझ्या गाण्याने काही झालं नव्हतं, आबा चुकले. दार उघडलं नाहीस तर बाहेरूनच सांगेन.

उघडलंस, तर आम्हाला तुझ्या गाडीतून एक चक्कर मारून आण. गाडी तू चालव. मी मागे तिच्या शेजारी बसेन, आणि ती गाईपर्यंत गप्प राहीन.

तुझे,
बाबा